दोन बोटे आखूड

ओहोटीला खाडीत कुशीवर पडलेली होडी पाहताना मला नेहमी थोडा संकोच वाटतो. भर पाण्यात जिचा डौल पाहत उभे राहावे, तीच चार-सहा तासांनी चिखलात कलंडलेली दिसते. तळाला धरलेले शेवाळ आणि कालवे उघडी पडलेली, डोलकाठी भलतीकडेच रोखलेली. एखादा मानी माणूस तापाने पडलेला असताना अवेळी त्याच्या घरात शिरावे, तसे काहीसे होते. वास्तविक त्यात होडीचा काय दोष? पाणी होते तोवर पाण्याने तिला दोन्ही अंगांनी धरले होते. ते गेले, आणि ज्या अरुंद कण्यामुळे ती वाऱ्यावर सरळ चालते त्याच कण्यावर तिला उभे राहता येईना. इतकेच.

अशी एक होडी गेली तीन वर्षे माझ्या डोळ्यांसमोर आहे. ती माझ्या मेहुण्यांची. अठरा फुटांची, शिडाची, तळाला वीतभराहून अधिक खोल कणा असलेली. आमच्या वाघोटण खाडीत आता जो तो यंत्राच्या होडीने ये-जा करतो. पण त्यांनी शिडाचा हट्ट सोडला नाही. ते अल्पशा आजाराने गेले. माझी धाकटी बहीण आणि तिचा मुलगा माझ्या घरी राहायला आले, आणि त्यांच्या मागोमाग होडीही आमच्या घराखालच्या किनाऱ्याला आली. ती विकून टाकावी असे मी दोनदा सुचवले. दोन्ही वेळा बहीण म्हणाली, “राहू दे ना, दादा.” तेवढ्यावर विषय संपला.

होडी कुशीवर पडली तर असे काय बिघडते, असे खाडीपासून दूर राहणाऱ्या वाचकाला वाटेल. बिघडते ते हळूहळू. सगळा भार बाजूच्या दोन-तीन फळ्यांवर येतो. त्यांच्या सांध्यांत तेलात भिजवून ठोकलेला कापूस सैल होतो. तळातले नीरम, म्हणजे होडी स्थिर राहावी म्हणून भरलेले दगड, एका अंगाला घसरतात. खरा धोका पुढेच असतो. भरती परत येते ती होडीला उचलण्यासाठी. पण ती फार कललेली असेल आणि चिखलाने तिला खालून धरून ठेवले असेल, तर ती उचलली जाण्याआधीच पाणी खालच्या काठावरून आत शिरते. एका पावसाळ्यानंतर होडी पुन्हा खाडीत उतरवली, त्याच आठवड्यात आमच्या होडीचे हे झाले. भाचा आणि मी दोन बादल्या घेऊन पहाटेपर्यंत पाणी उपसत होतो. बहीण कंदील धरून काठावर उभी होती. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मीच जाहीर केले, की होडीला पाय करायचे.

ही काही नवी कल्पना नव्हे. जिथे ओहोटीला जमीन उघडी पडते तिथले दर्यावर्दी असे पाय कधीपासून लावत आले आहेत. मुंबईला उधाणाच्या दिवसांत पाणी चार मीटरांहून अधिक चढते-उतरते. खाली आमच्याकडे ते अंतर जवळजवळ निम्म्यावर येते. फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावर, सँ मालोकडे, मोठ्या उधाणाला ते बारा मीटरांच्याही वर जाते. त्या बाजूची लहान बंदरे ओहोटीला पार कोरडी पडतात आणि शिडाच्या होड्या दोन्ही कुशींना पाय लावून वाळूवर उभ्या राहतात. मौज अशी, की इंग्रज या टेकूंना ‘पाय’च म्हणतात, तर फ्रेंच लोक ‘बेकीय’ म्हणतात. आणि बेकीय म्हणजे कुबड्या. वस्तू एकच. एकाने तिला शरीराचा अवयव मानले, दुसऱ्याने आजाराची खूण. आपल्याकडे यापेक्षा चांगला शब्द आहे : धिरा. कलत्या भिंतीला, घडाने वाकलेल्या केळीला लावतात तो धिरा. आपण माणसाला धीर देतो आणि भिंतीला धिरा देतो. कानाला तरी हे दोन शब्द एकाच घरातले वाटतात.

याच खाडीत गिर्ये गावाजवळ मराठ्यांच्या आरमाराची खडकात खोदलेली गोदी आहे. शाळेच्या मुलांना घेऊन मी तिथे जात असतो. भरतीला गलबत आत घ्यायचे, पाणी गेले की तळ दुरुस्त करायचा, असा तो साधा हिशेब. अशा वेळी मोठ्या गलबतांनाही कुशीला टेकू द्यावेच लागत असणार. लढाऊ गलबत म्हणून कोणी त्यात कमीपणा मानला असेल असे मला वाटत नाही. असो.

पाय करून घेण्यासाठी होडी आम्ही गावातल्या सुतारमामांच्या अंगणात नेली. मामा सत्तरीच्या पुढचे. त्यांनी किंजळीचे तीन इंची दोन वासे निवडले. खाली फूटभर लांब-रुंद पाट ठोकला, म्हणजे पाय चिखलात खुंटीसारखा शिरू नये. होडी जिथे सर्वांत रुंद तिथे, वरच्या जाड फळीतून आणि तिच्या आतल्या वाकातून आरपार जाईल असा जस्त चढवलेला बोल्ट. आतून सागाचा ठोकळा, म्हणजे ताण एका भोकावर न येता पसरावा. पायाच्या खालच्या टोकाला दोन दोऱ्या, एक नाळेकडे, एक सुकाणूकडे, की पाय पुढेमागे झुलणार नाही. कणा लांब असल्यामुळे दोनच पाय पुरतात. होडी पाण्यात चालू लागली की ते काढून आत ठेवायचे; पाण्यात लोंबणारा पाय नुसता वेग खातो.

खरी गोष्ट मापाची. पाणसळ लावून होडी सरळ उभी केली, कण्याच्या तळाशी एक लांब रीप दोन्ही अंगांना आडवी काढली, आणि बोल्टाच्या जागेपासून रिपेपर्यंत ओळंबा सोडला. मी दोरीवर खूण केली. मामांनी माझ्या खुणेच्या दोन बोटे वर दुसरी खूण केली.

“पाय दोन बोटां आखूड व्हये, मास्तरांनू.”

मी कारण विचारले.

“होडी पायार रवणा नाय. ती आपल्या पठाणार रवता. पाय नुसते तिका पडाक देणत नाय.”

पठाण म्हणजे तोच तळाचा कणा. मी म्हटले, दोन्ही पाय दोन-दोन बोटे आखूड ठेवले तर होडी नेमकी सरळ कशी राहील? ती कुठल्या तरी एका पायावर कलेल.

“कलांदे थोडीशी,” मामा म्हणाले.

मला ते पटेना. माझे आयुष्य मुलांच्या वह्यांतले समास सरळ करण्यात गेले आहे. शिवाय एक कारण होते, जे मी मामांना सांगितले नाही. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून खाडी दिसते. बहिणीने सकाळी चूल पेटवताना वर पाहावे आणि होडी ओळंब्यात उभी दिसावी, असे चित्र मी मनात रंगवून ठेवले होते. त्या चित्रात होडी कललेली नव्हती. मी हट्ट धरला. मामांनी माझ्या तोंडाकडे एकदा पाहिले, आणि पाय माझ्या खुणेवर कापले.

भरतीची वेळ काढण्याची जुनी रीत अनेकांना ठाऊक असेल : तिथीची पाऊणपट करायची. द्वादशीला बाराची पाऊणपट नऊ, म्हणून नवाच्या सुमारास पूर्ण भरती. हा मुंबईचा हिशेब. आमच्या खाडीत त्याहून थोडे अलीकडे धरायचे. तर द्वादशी होती, रविवार होता. होडी तरंगत असतानाच भाच्याने आणि मी पाय लावले, दोऱ्या ताणल्या. पाणी उतरू लागले. आधी कणा टेकला, पाठोपाठ दोन्ही पाट टेकले, आणि होडी उभी राहिली! अगदी माझ्या मनातल्या चित्रासारखी. भाच्याने टाळी वाजवली. बहीण दारापर्यंत आली. मी उगीचच काठावर इकडून तिकडे चालत होतो.

तासाभराने पहिला आवाज झाला. माझा हिशेब अंगणातल्या टणक भुईचा होता. खाली होता खाडीचा चिखल. जसे पाणी गेले तसा होडीचा सगळा भार त्या अरुंद कण्यावर आला आणि तो चिखलात चार बोटे रुतला. रुंद पाट मात्र रुतेनात. ते रुतू नयेत म्हणूनच तर केले होते. म्हणजे कणा खाली खाली जात होता, पाय होते तिथेच होते, आणि अठरा फुटांची होडी हळूहळू दोन बोल्टांवर टांगली जात होती. दुसऱ्या आवाजाला डाव्या कुशीची वरची फळी बोल्टाच्या भोकापासून हातभर उभी चिरली आणि होडी त्याच अंगावर बसली. तीन वर्षे आधाराशिवाय पडून राहून तिचे जेवढे नुकसान झाले नव्हते, तेवढे माझ्या भक्कम आधाराने एका दुपारात केले.

मामा संध्याकाळी आले. मी तुला सांगितले होते, असे ते म्हणाले नाहीत. त्यांनी चिखलात हात घालून कणा किती रुतला ते पाहिले, करवत मागितली, आणि दोन्ही पाय दोनाऐवजी तीन-तीन बोटे कापले. “चिखलाचा एक जास्त,” म्हणाले.

त्या रात्री मला झोप लागली नाही. आणि फळीच्या खर्चाचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. मेहुणे होते तोवर होडीचा सगळा हिशेब माझी बहीण ठेवीत असे. कोणाकडून किती येणे, कोणाचे किती देणे, कोणत्या दुकानी दोर स्वस्त, सारे तिच्या जिभेवर. ती आमच्याकडे आली तेव्हा खचलेली होती, आणि मी म्हटले, तू कशाचीही काळजी करायची नाही. तो शब्द मी अक्षरशः पाळला. तिचे बँकेचे पासबुक माझ्या कपाटात. अर्ज मी लिहायचे, तिने सही करायची. भाच्याच्या शाळेत मी जायचे. तिला भेटायला कोणी आले तर तिच्या वतीने बोलायचे तेही मीच. तीन वर्षांनी ती अर्धा किलो कांदे घ्यायचे झाले तरी “घेऊ का, दादा?” म्हणून विचारू लागली होती. आणि हे मी लोकांना कौतुकाने सांगत असे.

माणसाने माणसाला आधार किती द्यावा? मी मॅट्रिकपलीकडे शिकलो नाही, तेव्हा या प्रश्नावर मोठमोठ्या तत्त्वज्ञांना साक्षीला बोलावणे मला शोभणार नाही. मला ठाऊक आहे ते शाळेतले आणि खाडीतले. शाळेत आम्ही स्वावलंबनाचे धडे देतो, आणि ते धडे मला आता पूर्वीइतके सरळ वाटत नाहीत. ‘आपल्या पायांवर उभे राहा’ असे सांगणारे बहुतेक जण ओहोटी पूर्ण झाल्यावर येतात. होडी एकदा आडवी झाली, की मग तिला पाय लावता येत नाहीत. चार गडी आणून उचलावी तरी लागते, नाहीतर पुढच्या भरतीची वाट पाहावी लागते. धिरा द्यायचा तो माणूस तरंगत असताना, त्याला त्याची गरज आहे असे अजून कोणालाच, त्यालाही, वाटत नसताना. हे ज्यांना साधते त्यांच्याविषयी मला फार आदर आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली काले येथे रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 साली साताऱ्याला वसतिगृह सुरू केले. पोर गरीब आहे म्हणून त्यांनी त्याला दाराबाहेर ठेवले नाही, आणि गरीब आहे म्हणून त्याच्या हातचे कामही काढून घेतले नाही. ‘कमवा आणि शिका’ म्हणताना त्यांनी राहण्या-जेवण्याची जबाबदारी झटकली नव्हती. भार मुलाच्या स्वतःच्या कण्यावर, आणि तो पडू नये याची व्यवस्था दोन्ही अंगांनी. सुतारमामांचे माप तेच होते.

इंग्लंडात म्हणे अशाही होड्या बांधतात, की ज्यांना एकाऐवजी दोन कणे असतात. त्या ओहोटीला आपोआप उभ्या राहतात, कोणाच्या धिऱ्याचे उपकार नकोत. मला प्रथम वाटले, हे उत्तम. मग वाचले, की त्या समोरच्या वाऱ्याला तोंड देऊन चालताना साधारणतः एका खोल कण्याच्या होडीइतक्या बऱ्या चालत नाहीत. आपल्या ओळखीत अशी माणसे असतात. पडण्याची एवढी तयारी बरोबर घेऊन हिंडतात की वाऱ्यावर जाणे राहून जाते. कादंबरीत मी त्यांच्यावर चांगली चार पाने लिहीन. शेजारी म्हणून मात्र ती मला थोडी कंटाळवाणी वाटतात.

पण इथवर सगळे सोपे आहे. अडते ते पुढे. आखूड पाय दोन प्रकारचे असतात. एक सुतारमामांचा, हिशेबाने आखूड केलेला. दुसरा कवडीचुंबकाचा, लाकूड वाचावे म्हणून आखूड राहिलेला. दोन्ही सारखेच दिसतात. भावाला मदत नाकारणारा भाऊ, म्हाताऱ्या आईला ‘तुझी सवय मोडू नये’ म्हणून पाणीसुद्धा न देणारा मुलगा, हे सगळे तोंडाने मामांचेच वाक्य बोलतात. बाहेरच्याने कसे ओळखावे? आणि बाहेरच्याचे सोडा, ज्याने तो पाय कापला त्याला तरी खात्रीने सांगता येईल का?

हा प्रश्न मला पुस्तकातून पडला नाही. होडीची फळी बदलून झाली त्या आठवड्यात मी बहिणीचे पासबुक आणि कागद कपाटातून काढले आणि तिच्या देवापाशी नेऊन ठेवले. म्हणालो, “हे आता तूच पाहत जा.” तिने त्याला हात लावला नाही. भांडी विसळून झाल्यावर पदराला हात पुसत तिने विचारले, “कंटाळलास का रे, दादा?”

मी लगेच ‘छे!’ म्हणालो. फार लगेच म्हणालो. खरे सांगायचे तर तीन वर्षांत मी कंटाळलो होतो. बँकेतल्या रांगेला, अर्जांना, माझी लिहिण्याची सकाळ कुणाच्या तरी कामासाठी मोडण्याला. तिचा कणा जागा व्हावा म्हणून मी पासबुक परत केले हेही खरे होते. दोन्ही खरी कारणे एकाच हातात होती, आणि त्या हातात मामांची करवत होती. हेतू शुद्ध झाल्यावरच पाय कापायचे ठरवले असते तर मी अजून ओळंबाच धरून बसलो असतो, असे मी स्वतःची समजूत घालण्यासाठी म्हणतो. हे समर्थन मला पुरतेच असे नाही.

पासबुक वीस-बावीस दिवस देवापाशी तसेच होते. मग बँकेत काही कागद नव्याने भरून द्यायची वेळ आली, आणि एका संध्याकाळी ती आणि भाचा दिव्याखाली अर्ज भरत बसलेली मला दिसली. मी पाणी प्यायला म्हणून उठलो, तिच्या मागून गेलो, आणि शिक्षकाच्या डोळ्यांना दिसायचे ते दिसले. जन्मतारखेत वर्ष चुकले होते. कागदपत्रांतले एक, अर्जातले दुसरे. अर्ज परत येणार हे उघड होते. तालुक्याच्या गावी जायला एसटीने दीड तास, यायला दीड तास.

मी पाणी प्यालो आणि आत जाऊन निजलो.

दुसऱ्या दिवशी दोघे दुपारी परत आली ती उन्हाने लाल होऊन. अर्ज नव्याने भरावा लागणार होता. एक फेरी फुकट गेली होती. बहिणीने चप्पल काढली, मला सरळ विचारले, “काल तू मागे उभा होतास. तुला दिसलं होतं ना?”

मी हो म्हणालो.

ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. होडीच्या मापाने बघितले तर ही दोन बोटांची कल होती की फळी चिरण्याचा आवाज, ते मला त्या दोन दिवसांत समजले नाही, आणि आजही नीटसे समजलेले नाही. एवढे कळले, की ती पुन्हा एकटीच जाऊन अर्ज देऊन आली. येताना तिने कांदे आणले, दोन किलो, मला न विचारता. त्यांतले काही सडके निघाले.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी होती. खाली ओहोटी होती. होडी डाव्या पायावर किंचित रेलून उभी होती, डोलकाठी ओळंब्यात नव्हती.

“आज तिथी कोणती रे?” तिने विचारले.

“षष्ठी.”

“म्हणजे साडेचार. आपल्याकडे त्याच्या आधीच.” तिने तोंडाने हिशेब केला आणि भाच्याला हाक मारली. “शाळेतून सरळ घरी ये. पाणी चढलं की पाय काढून आत घ्यायचे आहेत. आणि शीड कुठं ठेवलंय ते बघून ठेव.”

माझ्याकडे तिने पाहिले नाही. मी चष्मा शोधू लागलो.